दावणीचा ‘द’

नोकरी संपली, इंग्रजी काही संपत नाही. सकाळी बाळापूरच्या बसस्टँडवर चहाला गेलो की आबा बाकावर आधीच बसलेले. खिशात घडी घातलेला कागद, कागदावर शंका. नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या वहीतलं कळावं म्हणून साठी उलटल्यावर आबांनी हे अंगावर घेतलंय. आमच्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटायची. २००० साली ती पहिलीतच आली आणि घरोघरच्या आज्यांची पंचाईत झाली.

“तुमची पेन्शन इंग्रजीवरच चालती न्हवं? मग सांगा,” हा आबांचा खाक्या.

सध्या ‘द’ चालू आहे. नातवाच्या रजेच्या अर्जात आबांनी ‘सफरिंग फ्रॉम द फीवर’ लिहिलं. बाईंनी ‘द’ला लाल गोल करून अर्ज परत धाडला.

“ताप काय साऱ्या गावाला आलता का, सर? आमच्याच पोराला आलता. मग ‘द’ का नको?”

बत्तीस वर्षं शिकवलं, पण असा मुद्देसूद प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. मी विषय नदीकडे वळवला. गावाआधी ‘द’ लागत नाही, नदीआधी लागतो. नांदेड नुसतंच नांदेड. पण द गोदावरी, द कयाधू.

“उन्हाळ्यात पाणी नसतं तिला. तवा बी?”

“तेव्हाही.”

आबांनी लिहून घेतलं : कयाधू, कोरडी, तरी द.

मग त्यांनी सहकारी संस्थांच्या पाट्यांचा विषय काढला. तिथं पुढचं अक्षर कुठलंही असो, आधी ‘दि’ ठोकलेला असतो. वास्तविक ‘दि’ स्वरापुढचा, पण पाटीवर तो टोपीसारखा घालतात. उन्हाचा संबंध नाही.

तर्खडकरांच्या भाषांतरमालेतले नियम मला अजून पाठ आहेत. पण बाकावर बसून नियम सांगायची लाज वाटली. म्हटलं, “आबा, बाजारात बघता तो कुठलातरी एक बैल, ‘ए’. घरी आणून दावणीला बांधला की तो ‘द’. तुम्हाला, मला, दोघांनाही ठाऊक असलेला.”

आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हंजे आपला.”

हे मला आयुष्यभर सुचलं नव्हतं. आमच्या गावाचंच बघा. बाळापूर अकोला जिल्ह्यातही आहे. नुसतं बाळापूर म्हटलं तर पाहुणा तिकडे उतरायचा. आमच्या गावाच्या नावाआधीचं ‘आखाडा’ हे ‘द’चंच काम करतं की!

हुरूप येऊन मी सांगितलं, की इंग्रजीतलं मंगूस हे आपलंच मुंगूस, मराठीतून गेलेलं. आबांना हळदीच्या रानातलं मुंगूस विलायतेला गेल्याचं भारी कौतुक वाटलं. पण लगेच कागद पुढे. “गूसचं गीस होतं म्हणं. मग दोन मुंगसं म्हंजे मंगीस?”

“नाही. मंगूसेस.”

“आपलं म्हणून सावत्रपणा व्हय?”

तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली. आबांना नांदेडला जायचं होतं, पाऊण तासापासून खोळंबले होते. पिशवी उचलत त्यांनी विचारलं, “ही ‘ए बस’ का ‘द बस’?”

“तुम्ही हिचीच वाट बघताय ना? मग ‘द’.”

आबा चार पावलं गेले, डोळे बारीक करून पाटी वाचली. हिंगोली. परत येऊन बाकावर टेकले.

“ ‘ए’ हाय,” म्हणाले. “अजून एक चहा सांगा.”