एक जूनवाल्यांचा बड्डे

आमच्या करमाडात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वाढदिवस विचारायची गरज नाही. तो १ जूनला असतो. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, की हेडमास्तर रजिस्टरात १ जून लिहून मोकळे. शाळा जूनमध्ये उघडणार, तेव्हा पोराचं वय भरलेलं पाहिजे. त्याच्या आईला कळा कधी आल्या, हा शिक्षण खात्याचा विषय नव्हता. त्यामुळे सख्खे भाऊ, चुलत भाऊ आणि बांधावरून कोर्टात गेलेला शेजारी असे सगळे एकाच तारखेला जन्मले. त्यातले सरकारी नोकरीत चिकटलेले एकाच तारखेला, ३१ मेला, निवृत्तही होतात. त्या दिवशी शाली कमी पडतात.

खरी जन्मतारीख आजीकडे असते, पण ती कॅलेंडरात सापडत नाही. "तुझा बाप सुकडीच्या साली झाला," म्हणजे १९७२ चा दुष्काळ; बाया दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि लेकरांना सुकडी खाऊ घालायच्या, ते साल. आजी स्वतः "रझाकार गेल्यावर" झाली, म्हणजे सप्टेंबर १९४८ नंतर कधीतरी. यापेक्षा जास्त खोलात गेलं तर ती म्हणते, "तुला काय माझी पत्रिका जुळवायची हाय का?"

माझ्या पोराची जन्मवेळ मात्र मिनिटासकट दवाखान्याच्या कागदावर आहे. झालं! तीन पिढ्यांच्या वाढदिवसांची थकबाकी त्या पाच वर्षांच्या जिवाकडून वसूल करायचं घरात ठरलं.

जालना रोडवरचं गाव, शेजारी शेंद्र्याची एमआयडीसी. केक विकत मिळायला अडचण नाही. पण बायकोने ओव्हन घेतला होता आणि त्याचे पैसे वसूल व्हायचे होते. भाजण्याच्या बाबतीत आमच्या घराण्याचा अनुभव नानकटाईपुरता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीवाल्याकडे न्यायची. पाव निघाल्यावर भट्टीच्या विटांत जी धग उरते, तिच्यावर आपले ट्रे लागायचे. आई डबा देऊन घरी येत नसे, भट्टीसमोर ठाण मांडून बसे. भाजणीची तिला काळजी नव्हती. आपलं साजूक तूप दुसऱ्याच्या ट्रेमध्ये जाऊ नये, एवढंच.

त्याच सवयीने ती ओव्हनसमोरही पाट टाकून बसली. आत केक फुगत होता. "वर आला, वर आला," असं ती बाहेरच्या खोलीला कळवत होती. बाहेरची खोली चार वाजल्यापासून भरलेली. निमंत्रण सातचं, पण मोठी माणसं नऊला येतात आणि लेकरं चारला, फुगे नीट लागतात की नाही ते बघायला. निम्मी गल्लीतली, निम्मी शेंद्र्यात कामाला असलेल्या भाडेकरूंची.

आणि लाईट गेली.

केकचं एक असतं. कडा आधी शिजतात, मधला भाग शेवटी. मधल्याला धीर यायच्या आत धग गेली, तर तो खाली बसतो. आमचा बसला. लाईट परत येईपर्यंत मधोमध असा खड्डा पडला होता, की सूनबाई शेततळ्याचं अनुदान मागू शकली असती. बायको रडकुंडीला. आई म्हणाली, "सोड्याचंच काहीतरी झालं." सोडा मी आणला होता. तेवढ्यात दारातून एका चिमुरडीने आत वाकून बाहेर बातमी दिली, "केक में गड्ढा है!"

"मग भरा की," आजी म्हणाली.

तिनेच भरला. जेम्सच्या गोळ्या, बत्तासे, बुंदी, डब्याच्या तळाशी राहिलेला संक्रांतीचा हलवा. वर शिगोशीग रास. मग रीतसर पाट, औक्षण, अंगठी-सुपारी ओवाळणं. पाच सवाशिणी एकामागून एक, आणि पोराची नजर निरांजनावरून सारखी खड्ड्याकडे. आजीला लेकरांचा एकच समारंभ ठाऊक, बोरन्हाण. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि पोरांनी लुटायचे. कापणं, वाटे करणं, कागदी बशीत मोजून देणं तिला कंजूषपणाचं वाटतं. सुरी केकला लागते न लागते तोच ती ओरडली, "लुटा रे!"

पुढचं फार भरभर झालं. केक कापलेला एकही फोटो आमच्याकडे नाही. बुंदी अजून कपाटामागे सापडते.

दुसऱ्या आठवड्यात चिमुरडीची आई बायकोकडे आली. मुलीचा बड्डे रविवारी आहे, पैसे देईन, पण केक "वही गड्ढेवाला" पाहिजे, पोरगी दुसरा नको म्हणते. बायको हरखून साहित्याची यादी करायला बसली. आजीने तिला थांबवलं.

"रविवारी लाईट कव्हा जाती, ते आधी विचारून घे."