नाक बोरिवलीचं, झोप कुणाची?

भाचीच्या मुलाचं बारसं ताईच्या घरी, मुलुंडला. पाळणा सजायच्या आतच बाळाच्या वाटण्या सुरू झाल्या. "नाक आमचं," बोरिवलीच्या विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे राग पण आमचाच येणार!"

नाकामागोमाग राग यायलाच हवा, ही समजूत काही जात नाही. माझं डोकं बघा की! वडिलांचं टक्कल मला तिशीतच मिळालं. त्यांचा गाता गळा मात्र ताईकडे गेला, आणि वर साठीतही मनगटाएवढी वेणी.

ताई पुलावासाठी मटार सोलत होती. मी लगेच आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल काढला. गोल पिवळे आणि सुरकुतलेले हिरवे अशा वाटाण्यांचा त्यानं संकर केला. नातवंडांच्या पिढीत ५५६ दाणे मोजले: ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे. म्हणजे आजी-आजोबांत नसलेल्या जोड्याही निघाल्या. आकार आपल्या वाटेनं, रंग आपल्या.

"मोजून झाल्यावर उसळ केली का?" ताईनं विचारलं.

वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची जनुकं म्हणजे वेस्टर्न आणि सेंट्रलचे प्रवासी. एकाला बोरिवली फास्ट मिळाली म्हणून दुसऱ्याला मुलुंड मिळेलच असं नाही. एकाच गुणसूत्रावर खेटून बसलेली मात्र गाडीतल्या भजनी मंडळासारखी बहुधा जोडीनंच उतरतात.

अशा वेगळ्या वाटांचा अस्सल दाखला तर मुंबईनंच जगाला दिलाय. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे एक नवाच रक्तगट शोधला. ए-बीचं जनुक नवव्या गुणसूत्रावर. ते ए-बी ज्यावर उभे राहतात त्या 'एच'चं एकोणिसाव्यावर. आईकडून 'ए' अगदी इमानदारीत आला, पण 'एच' दोन्हीकडून बिघडलेला आला, तर 'ए'ला टेकायला जागाच नाही. साध्या चाचणीत गट 'ओ' दिसतो, आणि 'ओ' रक्त दिलं तर जिवावर बेततं. शहराचं १९९५ साली मुंबई झालं. रक्तगट अजून बॉम्बेच आहे.

हे सगळं मी रंगात येऊन सांगत होतो. बाळ पाळण्यात तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपलं होतं. वाजंत्री आली, कुर्र झालं, आत्यानं कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर धपाटे पडले, पण बाळ ढिम्म हललं नाही.

"ही झोप काही आमच्याकडची नाही हो," विहीणबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलुंडला उतरायचं सोडून आदल्याच रात्री मी अंबरनाथहून परत आलो होतो.