आजचा ओटी किती?

गावात पाहुणा आला की आपण पाऊस विचारतो, उसाचा भाव विचारतो, पोराला नोकरी लागली का विचारतो. आजचा ओटी किती, हे कोणी विचारत नाही. विचारायला हवं. रोज.

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. काचेच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ओटी पॉझिटिव्ह. रंग बदललाच नाही तर निगेटिव्ह. मिनिटभराचं काम. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. वाटेत काही जंतू शिरलेच तर त्यांच्याशी लढायला तेवढा लागतो.

मागच्या जुलैत एका आरोग्य सेवकाबरोबर सकाळभर फिरलो. हातात वही, खिशात ओटीची बाटली, पायात गमबूट. टाकीखालच्या पहिल्या नळावर पाणी पिवळंधमक झालं. देवळापाशी फिकट पिवळं. शेवटच्या वस्तीवर त्यांनी नळी पांढऱ्या शर्टासमोर धरली, उजेडाकडे फिरवली, पुन्हा धरली. पाणी जसंच्या तसं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या वस्तीकडे जाणारी लाइन गटाराच्या कडेनं गेलेली, आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर काळं पाणी. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दीड तास येतं. ते चालू असतं तोवर पाइपमध्ये दाब असतो, आणि फट असली तरी पाणी आतून बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि त्याच फटीतून गटार आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशीचा पहिला लोंढा ते सगळं घेऊन थेट हंड्यात येतो. टाकीत टाकलेला क्लोरीन त्या घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडतो.

नळावर एक ताई उभ्या होत्या. त्यांनी आरोग्य सेवकालाच धरलं. "दादा, परवा लई वास येत होता पाण्याला. चहा सुदिक प्यायला जाईना. ती पावडर जरा कमी टाकायला सांगा की."

"ताई, परवाचंच पाणी चांगलं होतं."

ही तक्रार मी अनेक गावांत ऐकली आहे, आणि माझ्या मते अर्धी साथ इथूनच सुरू होते. वासाची ओरड झाली की सदस्य सरपंचाला सांगतो, सरपंच पाणी सोडणाऱ्याला सांगतो, आणि पावडर निम्मी होते. वास गेला म्हणून लोक खूश. आठवडाभरानं उलट्या-जुलाब सुरू झाले की तेच लोक आरोग्य केंद्रात सलाइनसाठी रांग लावतात. सरपंच मंडळी, वासाच्या तक्रारीपुढे वाकू नका. पाण्याला क्लोरीनचा हलका वास येणं हा तुमच्या कामाचा पुरावा आहे.

आणि पावडर पुरेशी टाकली तरी भागत नाही, ती ताजीही हवी. टीसीएल, म्हणजे ही ब्लीचिंग पावडर, ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, की तो उडून जातो आणि मागे उरतो चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायचीच नसते. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत मी पोतं पाहिलं. गळकी भिंत, सुतळी सुटलेली, वरच्या थराची ढेकळं झालेली. पाणी सोडणारा मुलगा नेमानं त्यातली पावडर बादलीत कालवत होता, गाळ खाली बसू देत होता, वरची निवळी टाकीत सोडत होता. रीत अगदी बरोबर, पण मालच मेलेला. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं मानधन तुटपुंजं, तेही चार-चार महिने थकतं, आणि सगळ्या गावाचं पोट त्याच्या हातात.

ही फक्त खेड्यापाड्यांची गोष्ट असं पुणेकरांनी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले. चालती-बोलती माणसं हातापायातली ताकद जाऊन अंथरुणाला खिळली, काही थेट व्हेंटिलेटरवर गेली. संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला, जो दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो. नांदेड आणि किरकटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत आली. साडेतीन वर्षांनंतरही त्या भागाला विहिरीचं पाणी नुसता क्लोरीन टाकून दिलं जात होतं, शुद्धीकरण केंद्राचं पाणी पोचलेलं नव्हतं. मग विहिरीवर पथकं आली, घरोघर नमुने घेतले गेले, खासगी आरओ केंद्रांना टाळी लागली. ही सगळी कामं आदल्या वर्षीही करता आली असती.

शहरातल्या सोसायट्यांनीही हात झटकू नयेत. लिफ्टच्या देखभालीचा करार कधी संपतो हे चेअरमनला तोंडपाठ असतं. जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारून बघा.

व्यवस्था नाही असं नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर राज्यात पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं, त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. हे चांगलंच आहे. पण तपासणी वहीत राहते, कार्ड फायलीत राहतं, आणि नळावर उभ्या असलेल्या बाईला त्यातलं काहीच कळत नाही. त्यात आरोग्य सेवकांच्या जागा रिकाम्या. माझ्याबरोबरच्या गृहस्थांकडे दोन उपकेंद्रं होती. ताप सर्वेक्षण त्यांनीच करायचं, डासअळ्या त्यांनीच बघायच्या, ओटीही त्यांनीच घ्यायचा.

माझी मागणी एवढीच. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सोसायटीच्या गेटवर एक फळा लावा. त्यावर रोज खडूनं तीन गोष्टी लिहा: तारीख, आजचा ओटी, कोणत्या नळावर घेतला. नळ शेवटचाच असला पाहिजे. टाकीखालच्या नळावर तो पॉझिटिव्ह येणारच. खडूला पैसे लागत नाहीत आणि शासन निर्णयाची वाटही बघावी लागत नाही.

त्या सकाळी शेवटच्या नळावर आरोग्य सेवकांनी वहीत 'निगेटिव्ह' लिहिलं आणि सहीसाठी वही ताईंपुढे धरली. ताईंनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"निगेटिव म्हंजी?"

"म्हणजे पाण्यात औषध नाही."

"मग पोरांना हे द्यायचं का नाही?"

"उकळून द्या," ते म्हणाले, आणि व्हॉल्व्ह बंद करायला टाकीकडे धावले. तोवर वस्तीतले बाराही हंडे भरून घरात गेले होते.