लहान शहर, मोठा फलक

कोल्हापूरकराला ‘लहान’ म्हणून बघा, तालमीची वाट दाखवेल. पण दिल्लीच्या पैशासाठी आपण हेही मुकाट्यानं ऐकून घेतलं. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनला 2013 मध्ये मंजुरी मिळाली ती केंद्राच्या ‘लहान व मध्यम शहरां’च्या योजनेतून. 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात गेलेलं करवीर कागदावर लहान झालं. निधीसाठी पोट आत घ्यावं लागतं, एवढंच.

मग सुरू झाली खेचाखेची. आमच्याकडं निधी येत नाही, तो ‘खेचून आणला’ जातो. नियमांत केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि पालिकेचा वाटा असे तीन सरळ रकाने असतात. खेचणाऱ्याचा रकाना मात्र कुठंच नसतो. तो चौकातल्या फलकावर भरून निघतो. अर्ज, अंदाजपत्रक आणि आराखडा यांवर रात्री जागवणाऱ्या अभियंत्याचा फोटो त्या फलकावर तुम्ही कधी पाहिलाय?

काळम्मावाडी ते पुईखडीचं जलशुद्धीकरण केंद्र हे अंतर पन्नासेक किलोमीटर. पाण्याला ते कापायला दहा वर्षं लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत, पाणी पोचलं आणि नेतेमंडळींची अभ्यंगस्नानं झाली. उटण्याचा खर्च कुठल्या हेडखाली टाकला, विचारू नका.

गंमत म्हणजे, ज्या योजनेतून मंजुरी मिळाली होती, तिची जागा केंद्राच्याच ‘अमृत’ योजनेनं 2015 मध्येच घेतली होती.