थांबेकरांचा कॅमेरा

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतो, ज्याला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं आणि ज्याच्याकडे कॅमेरा नसतो. आपण त्यांना थांबेकर म्हणू. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत नाहीतर पाटबंधारे खात्यात झालेली. बगलेत एक वही, आणि त्या वहीत उभ्या रेघा मारून पाडलेले रकाने. थांबेकरांना एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. खिशात मावणारा. घरातले रोजचे फोटो काढता यावेत आणि गॅलरीतल्या कुंड्यांमधली फुलं, किडे, मुंग्या अगदी जवळून टिपता याव्यात, एवढंच त्यांचं मागणं आहे.

हे मागणं साधं वाटत असेल, तर तुम्ही कधी त्यांच्या तावडीत सापडलेला नाहीत.

"हे बघा," ते जिन्यातच सुरू करतात आणि आपण भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतो. "घरात संध्याकाळी उजेड कसला, तर ट्यूबचा. तिथे सेन्सर मोठाच पाहिजे. नाहीतर नातीच्या गालावर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. बरं, आता मुंगी घ्या. मुंगीच्या जवळ गेलात की मोठ्या सेन्सरला तिची एक मिशी स्वच्छ दिसणार आणि बाकीची मुंगी धुक्यात. तिथे छोटा सेन्सर बरा, मुंगी पुढून मागपर्यंत येते. म्हणजे नातीला मोठा हवा, मुंगीला छोटा. सांगा, काय करू?"

आपण म्हणतो, "नात महत्त्वाची."

"मग मुंगीचं काय?"

या प्रश्नाला उत्तर नाही, हे त्यांना माहीत असतं. त्यांना ते हवंही नसतं.

तसे ते एकदा खरेदीच्या अगदी जवळ पोहोचले होते. 2012 साली सोनीचा आरएक्स100 आला. छोटा देह आणि त्या मानाने मोठा, 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा सेन्सर. नातीचं बारसं त्याच वर्षी होतं. पैसे काढून ठेवले होते. पण आदल्या रात्री त्यांनी माहितीपत्रक पुन्हा वाचलं आणि त्यांची झोप उडाली. हा कॅमेरा वस्तूच्या पाच सेंटिमीटर जवळ जाऊ शकतो, पण झूम अजिबात न करता. झूम पूर्ण लावला, की 55 सेंटिमीटर मागे सरायचं. "म्हणजे पाच सेंटिमीटरवर जायचं. कुठलं फुलपाखरू इतकं जवळ येऊ देईल? आणि आलंच, तर आपल्याच कॅमेऱ्याची सावली त्याच्यावर." मुद्दा बिनतोड होता. बारसं मात्र मामाच्या फोनवर निघालं.

पुढच्या वर्षी दुसरा आरएक्स100 आला, त्याचा पडदा वर-खाली वळायचा. "बघा, थांबलो म्हणून!" 2014च्या तिसऱ्यात डोळा लावून बघायची खिडकी आतून वर यायची. थांबण्याचा फायदा असा दोनदा सिद्ध झाल्यावर माणूस कशाला घाई करेल? 2019 साली सातवा आला तेव्हा नात दुसरीत गेली होती आणि थांबेकर आठव्याची वाट बघू लागले होते.

मध्ये मुंगीचा पक्ष प्रबळ झाला. ऑलिंपसचा टफ टीजी-6 वस्तूपासून एका सेंटिमीटरवर जातो, 15 मीटर पाण्याखाली चालतो आणि त्याच्या भिंगाभोवती प्रकाशाचं एक कडंही बसवता येतं, त्यामुळे सावलीचीही सोय होते. सेन्सर छोटा, पण मुंगीला तोच मानवतो. आता सुटकाच नव्हती. तेवढ्यात 2020च्या जूनमध्ये ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदाच विकायला काढल्याची बातमी आली. थांबेकरांच्या चेहऱ्यावर मला अशा वेळी निखळ समाधान दिसलं आहे. "सुटे भाग मिळतील का, सांगा? सध्या थांबावं." 2023 साली नव्या मालकाच्या पाटीखाली टीजी-7 आला. तो आधीच्यासारखाच निघाला, म्हणून त्यांनी त्याला नाकारलं. वेगळा निघाला असता, तर नवीन आहे म्हणून थांबले असते.

काकूंचं यावरचं मत एका वाक्यात आहे. "मला बघायला आले होते तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत होकार दिला, आणि या डबड्यासाठी माझं अर्धं आयुष्य!"

या थांबण्याचं मूळ, माझ्या मते, अग्फा क्लिक थ्रीत आहे. त्या पिढीतल्या पुष्कळांचा पहिला कॅमेरा तोच. एका रोलमध्ये 12 फोटो. गणपतीत तीन, सहलीत चार, उरलेले आत्येबहिणीच्या लग्नासाठी राखून. "दाबू नकोस रे उगाच!" हे वाक्य ऐकत वाढलेला माणूस खात्री पटल्याशिवाय बटण दाबत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात रोल संपायचा प्रश्न राहिला नाही, तेव्हा ती सगळी काटकसर बिचारी जाणार कुठे? ती बटणावरून उठली आणि खरेदीवर जाऊन बसली.

थांबेकर दुकानात जात नाहीत असं समजू नका. मुंबईला गेले की फोर्टातल्या बोरा बाजारात त्यांची फेरी ठरलेली. खिशात एक काडेपेटी असते, तिच्यात मेलेला भुंगा. दुकानदार कॅमेरा काउंटरवर ठेवतो, थांबेकर भुंगा ठेवतात. दुकानदार भुंग्याकडे बघतो, मग थांबेकरांकडे. "साहेब, लग्नाला पाहिजे का ट्रिपला?" थांबेकर उत्तर देत नाहीत, ते भिंग आणि भुंगा यांच्यात पट्टी धरून अंतर मोजत असतात. गल्लीतल्या जुन्या दुकानदारांना आता तो भुंगा ओळखीचा झाला आहे. ते चहा मागवतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

मग फोनवर का नाही काढत? मुलाने दिलेला चांगला फोन आहे की! पण स्वस्त फोनमधली दोन मेगापिक्सेलची मॅक्रो भिंगं त्यांनी कधीतरी पाहिली आहेत आणि तेव्हापासून फोन ही जातच त्यांच्या मनातून उतरली आहे. फोन ते वापरतात तो दुकानातल्या खोक्यांवरची बारीक अक्षरं टिपायला. अक्षर न् अक्षर लख्ख. थांबेकरांनी आयुष्यात काढलेले सर्वांत उत्तम क्लोज-अप हेच, फक्त ते कॅमेऱ्यांच्या खोक्यांचे आहेत.

कासच्या पठारावर ते दर सप्टेंबरात जातात, नुसतं हातभिंग घेऊन. सीतेची आसवं कुठली आणि किडे खाणारं दवबिंदू कुठलं, हे ते चालता चालता दाखवतात. बाकीच्यांना सूचना सुरूच असतात: उभ्याने काढू नका, फुलाच्या उंचीला या. कॅमेऱ्यावरचं फुलाचं चिन्ह दाबा. वारा थांबेपर्यंत श्वास धरा. एकदा त्यांचं ऐकून एक तरुण थेट फुलांत आडवा व्हायला निघाला आणि राखणदाराची शिट्टी वाजली. थांबेकर म्हणाले, "फुलं तुडवून फोटो काढायचा नसतो." ही सूचना त्यांनी जरा आधी द्यायला हवी होती.

गंमत अशी, की त्यांच्या सल्ल्याने घेतलेले कॅमेरे बिल्डिंगभर आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नथी आणि ठुश्या करून विकतात. त्यांना थांबेकरांनी पाच मिनिटांत सांगितलं: जवळ जाणारा छोटा सेन्सरवालाच घ्या, फ्लॅश बंद ठेवा, खिडकीशी पांढरा कागद अंथरा, समोरून थर्मोकोलचा तुकडा धरा, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे हात हलणार नाही. वहिनींनी आठवड्यात कॅमेरा आणला. नथीतला मोती न् मोती दिसतो आता. चौथ्या मजल्यावर नवं बाळ आलं, त्यांना मोठ्या सेन्सरचा सुचवला, जुना वापरलेला, निम्म्या किमतीत. दुसऱ्यांच्या बाबतीत त्यांना नात की मुंगी हा पेच पडतच नाही.

त्यामुळे तुम्हाला असा कॅमेरा घ्यायचा असेल, तर तुमच्या जिन्यातले थांबेकर गाठा आणि तुमचे फोटो घरातले जास्त की कुंडीतले, हे त्यांना खरं सांगा. ते जे नाव सांगतील, ते बिनदिक्कत घ्या. माझ्या पाहण्यात त्यांचा सल्ला कधी चुकलेला नाही. फक्त दुकानात त्यांना बरोबर नेऊ नका.