चिखलातली बादशाही

सॉमरसेटमधल्या वर्दी फार्मवर 1970 साली ग्लास्टनबरीचा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हा तिकीट होते एक पौंड. रसिक गवतावर झोपत. पाऊस आला की चिखलावर. त्या रानटी युगातून मानवजात बाहेर पडली, हे तिचे भाग्य. 2024 चे तिकीट 355 पौंडांचे. शिवाय ज्यांना खुंट्या ठोकण्याचे श्रम सोसवत नाहीत, त्यांच्यासाठी आसपासच्या शेतांत आयते तंबू, पलंग, गादी, गरम पाण्याचा शॉवर. भाडे अर्थात वेगळे. निसर्गाच्या सान्निध्यात राहायचे तर निसर्गाने बाहेरच थांबावे, हे रास्तच.

सुधारणा इथेच थांबू नये. गाण्याने झोपमोड होते, म्हणून कलावंतांनी रात्री दहानंतर नुसते ओठ हलवावेत. बीबीसीचे थेट प्रक्षेपण तंबूतच दाखवावे. बूट स्वच्छ राहतील. घरचा सोफा आणून देण्याची सेवाही हवी, अर्थात वाजवी दरात.

फक्त एका वर्गाला या योजनेत रस नसेल. वर्दी फार्मच्या गाई महोत्सवाच्या दिवसांत पक्क्या छपराखाली, कोरड्यात राहतात. तिकीट न काढता. गोठ्यासाठी प्रतीक्षायादी त्वरित सुरू करावी, ही विनंती.