परोपकाराची थकबाकी

१ मार्च १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी एका हुकुमावर सही करून पीस कोअर नावाचे जे नवे खाते उघडले, त्याच्या कायद्यात त्याच वर्षी तीन उद्दिष्टे नमूद करण्यात आली, ती अशी की गरजू देशांना प्रशिक्षित माणसे पुरवावीत, अमेरिकन माणूस कसा असतो हे त्या देशांना कळावे, आणि ते देश कसे असतात हे अमेरिकन माणसाला कळावे. धर्मादायाच्या दप्तरात इतका प्रांजळ दस्तऐवज आमच्या तरी पाहण्यात नाही. तीन कलमांपैकी एकच कलम मदतीचे, दुसरे ओळखपाळखीचे, आणि तिसरे तर उघडउघड जाणाऱ्याच्याच शिक्षणाचे. म्हणजे गावाला विहीर मिळो वा न मिळो, पाहुण्याला जगाचे ज्ञान मिळालेच पाहिजे, अशी तजवीज मसुदा करणाऱ्याने आधीच करून ठेवली होती. तेव्हापासून या खात्यातर्फे दोन लाखांहून अधिक माणसे देशोदेशी राहून परतली, आणि पहिल्या कलमाची फलनिष्पत्ती किती यावर पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नसला, तरी तिसऱ्या कलमाचा वसूल मात्र सोळा आणे झाला आहे याविषयी कोणाचीच तक्रार नाही.

हा वसूल कोणत्या स्वरूपात झाला याचा तपशील पाहू लागले म्हणजे मन सद्गदित होते. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये दोन वर्षे काढलेले क्रिस डॉड आणि इथिओपियात शिकवून आलेले पॉल साँगस हे पुढे सिनेटर झाले. स्वाझीलंडच्या एका शाळेत १९८३ पासून दोन वर्षे गणित शिकवणारे रीड हेस्टिंग्ज यांनी पुढे नेटफ्लिक्स काढले, आणि खिशात दहा डॉलर घेऊन, भेटेल त्या वाहनाने आफ्रिका पालथी घातलेल्या माणसाला धंदा काढण्याचे भय उरत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढलेले आहेत. आता ज्या आफ्रिकेतील कोट्यवधी माणसे खिशात दहा डॉलरही नसताना जन्मभर भेटेल त्या वाहनानेच प्रवास करीत आली, त्यांच्यापैकी एकालाही नेटफ्लिक्स का सुचले नाही, हा प्रश्न आम्ही अर्थशास्त्रज्ञांवर सोपवतो. आम्हाला एवढेच दिसते की दारिद्र्य हे हवापालटासारखे आहे, ते मुदतीपुरते घेणाऱ्यालाच मानवते, आणि कायमच्या रहिवाशाला त्याचा काडीइतका गुण येत नाही. मालावीत शिकवायला गेलेले पॉल थेरू यांना १९६५ मध्ये तेथील राजवटीच्या एका विरोधकाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून देशाबाहेर काढण्यात आले व खात्यातूनही बडतर्फ करण्यात आले. परंतु परोपकाराच्या व्यवसायात बडतर्फीसुद्धा वाया जात नाही, आणि थेरू यथावकाश प्रवासवर्णनकार म्हणून जगन्मान्य झाले.

जमाखर्चाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र टोगोचे. पहिल्या उत्साहाच्या त्या काळात अ‍ॅन मूर नावाच्या परिचारिका तेथे गेल्या, त्या अर्थातच आरोग्याचे ज्ञान देण्यासाठी. तेथील आया पाठीवर कापडाने मूल घट्ट बांधून बाजारहाटापासून शेतीभातीपर्यंत सर्व काही उरकतात आणि ती मुले रडत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मायदेशी परतल्यावर स्वतःचे मूल तसेच बांधू पाहता ते घसरू लागले, तेव्हा त्यांच्या आईने पट्टे लावून एक पिशवी शिवून दिली. पाहणाऱ्यांना ती हवीशी वाटू लागली. आणि १९६९ मध्ये तिचे पेटंट निघून ‘स्नगली’ या नावाने ती घरोघर पोहोचली. ही विद्या टोगोच्या आयांची, हे बाईंनी कधी लपवून ठेवले नाही, आणि एवढी सचोटी या क्षेत्रात दुर्मीळ असल्यामुळे ती नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. तरीपण ज्ञान द्यायला कोण गेले होते आणि ते घेऊन कोण आले, एवढे विचारण्याची मुभा असावी. पेटंटच्या कचेरीत ‘मूळ शिक्षिका’ असा रकाना नसतो. आमच्याकडे उसाच्या फडात तोडणीच्या बायका लुगड्याची झोळी बांधून पोर त्यात निजवतात आणि कोयता चालवता चालवता पायाने तिला झोका देतात. सुदैवाने त्या झोळीकडे अद्याप कोणा परिचारिकेचे लक्ष गेलेले नाही.

सर्वांच्याच जीवनाला असा सुबक आकार येतो असे मात्र समजू नये. ऑक्टोबर १९६१ मध्ये, म्हणजे खात्याचे दूध पिण्याचे दिवस संपण्यापूर्वीच, नायजेरियातील इबादानच्या विद्यापीठात प्रशिक्षण घेत असलेल्या एका तरुण स्वयंसेविकेने घरी एक पोस्टकार्ड लिहिले, आणि त्यात तेथील राहणीविषयी जे मत मोकळेपणाने नोंदवले ते टपालपेटीऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यांनी त्याच्या नकला काढून वाटल्या, निषेधाच्या सभा भरल्या, आणि बिचारीला परत जावे लागले. दोष तिचा नव्हे. यजमानांना वाचता येते, ही माहिती प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात घालायची राहून गेली असावी. आणि ज्या विद्यापीठात ते प्रशिक्षण चालू होते तेथेही ही शंका कोणाच्या मनास शिवली नाही, हे त्या काळच्या श्रद्धेचे द्योतक होय.

आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला आल्या त्या लिलियन कार्टरबाई. जॉर्जियातील प्लेन्स या खेडेगावच्या या विधवा परिचारिका १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरमध्ये दाखल होऊन विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. चार मुलांच्या या मातेला प्रथम काम मिळाले कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे, आणि ज्या अधिकाऱ्याने ही नेमणूक केली त्याच्या विनोदबुद्धीला आमचा प्रणिपात असो. पुढे त्या दवाखान्यात रुजू झाल्या व तेथे त्यांनी मनोभावे रुग्णसेवा केली, याविषयी आम्ही थट्टेचा एक शब्दही काढणार नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईला नोकरीत बढती मिळवायची नव्हती, की कोठल्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा नव्हता. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १९७७ मध्ये निघाले, त्या वर्षी त्यांचे चिरंजीव जिमी हे अमेरिकेच्या अध्यक्षपदावर बसले होते. जानेवारी १९७८ मध्ये अध्यक्षमहाशय भारतात आले, हरियाणातील एका गावाला भेट देते झाले, आणि त्या गावाचे नाव कार्टरपुरी ठेवण्यात आले. मातोश्रींनी जेथे खरोखर इंजेक्शने दिली ती विक्रोळी विक्रोळीच राहिली. पीस कोअरने तर त्यापूर्वीच, १९७६ मध्ये, भारतातील आपला गाशा गुंडाळला होता.

ही झाली जुन्या, दोन-दोन वर्षांच्या मुदतीच्या सेवेची गोष्ट. पूर्वी स्वयंसेवकाला निर्वाहापुरता भत्ता मिळे. आता स्वयंसेवकच भरभक्कम शुल्क भरतो, दोन आठवडे राहतो, एक भिंत रंगवतो आणि मुलांना कडेवर घेऊन छायाचित्र काढतो. मागणी तसा पुरवठा हा नियम बाजाराला जसा लागू तसाच करुणेलाही. कंबोडियात प्रवासी वाढले तसे अनाथाश्रम वाढले, आणि चौकशी करता असे आढळले की त्या आश्रमांतील बहुसंख्य मुलांच्या आईबापांपैकी निदान एकजण हयात आहे. मुलांना अनाथ करण्याची जी जबाबदारी पूर्वी युद्धे आणि पटकी पार पाडीत असत, ती दयाळू पाहुण्यांनी पत्करली होती. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा झाला, तेव्हा अशा आश्रमांसाठी मुले गोळा करण्याच्या धंद्याची दखल त्या संदर्भात घेणे भाग पडले. दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी हेच शुल्क भरून सिंहाच्या ‘पोरक्या’ छाव्यांना बाटलीने दूध पाजता येते. ते छावे थोर झाल्यावर दुसऱ्या प्रकारचा पाहुणा दुसऱ्या प्रकारचे शुल्क भरून बंदूक घेऊन येतो, एवढाच काय तो फरक.

आमचे पुणेकरही या बाबतीत आता मागे राहिलेले नाहीत. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत सायंकाळी बाकावर बसले तर एखादी काकू सांगू लागते की आमच्या मुलीने व्हिएतनाममध्ये सहा आठवडे इंग्रजी शिकवले; आणि त्याच वेळी जिन्यावरून उतरणाऱ्या मोलकरणीचा मुलगा दहावीला इंग्रजीतच गचकलेला असतो, ही गोष्ट काकूंना ठाऊक नसते असे नाही, परंतु त्या मुलाचा परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडायच्या ‘एसओपी’मध्ये, म्हणजे हेतुनिवेदनात, काही उपयोग नसतो. तो एसओपी लिहून देणारे सल्लागार पुण्यात मुबलक आहेत, आणि त्या सहा आठवड्यांनी आपल्या जीवनाची दिशा कशी बदलली, हे वाक्य ते दुसऱ्या परिच्छेदात हटकून घालतात. बदललेली ती दिशा तपासून पाहावी तर दर वेळी बोस्टनचीच निघते.

या सगळ्या प्रकाराला तोंडावर बोल लावण्याचे धैर्य इव्हान इलिच या धर्मगुरूने एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे दाखवले. सेवेसाठी सिद्ध होऊन आलेल्या अमेरिकन तरुणांच्याच सभेत त्यांनी सांगितले की बाबांनो, पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. आणि आपण यायलाच नको होते हा साक्षात्कार तुम्हाला उशिरा व्हावा म्हणून तुमच्या हातून होणारी हानी ही फार महागडी किंमत आहे. व्याख्यान विलक्षण गाजले. पुढल्या पिढ्यांतील स्वयंसेवकांना ते निघण्यापूर्वी वाचायला देण्यात येते, आणि ते वाचून अंतर्मुख झालेले तरुण ठरल्या विमानानेच रवाना होतात.

याच्या उलट आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे प्रकरण घ्या, म्हणजे सध्याच्या नमुन्यात ते किती गैरसोयीचे आहे हे ध्यानात येईल. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. मागाहून सोबती एकेक करून परतले, हे राहिले. चिनी शिकले, रणभूमीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, कॅनडियन शल्यविशारद बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला, आणि मुलगा चार महिन्यांचाही झाला नसताना ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच मरण पावले. त्यांच्यावर १९४६ मध्ये शांतारामबापूंनी बोलपट काढला म्हणून आपल्याला नाव तरी ठाऊक. ‘या अनुभवातून तुम्हाला काय मिळाले’ हा रकाना मात्र कोटणीसांच्या बाबतीत कोराच राहणार, आणि तो कोरा असलेला अर्ज हल्ली कोठेही पहिल्या छाननीतच बाद होतो.

तेव्हा आमची दरखास्त अशी आहे की या विषयाचा कारभार एकदा रीतसर चालवावा. परदेशी सेवा हे उच्च शिक्षण असून यजमान गाव हे विद्यापीठ आहे, असे मान्य करून टाकले म्हणजे उपकाराचे ओझे कोणाच्याच डोक्यावर राहणार नाही. ज्या आजीने पाहुण्याला दोन वर्षे आपली भाषा शिकवली, तापात उशाशी बसून राहिली आणि त्याने बांधलेला संडास पहिल्या पावसात खचल्यावर त्याची समजूतही काढली, तिची अध्यापकपदावर नेमणूक करून मागील सर्व वर्षांचा पगार चुकता करावा. पीस कोअरच्या आरंभीच्या काळी प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावे दरमहा ७५ डॉलर बाजूला पडत, हेतू हा की परतल्यावर त्याला घरच्या जीवनात पुन्हा रुळता यावे. गावाला पुन्हा रुळण्यासाठी काहीच ठेवलेले नसे, ती रक्कम आता व्याजासह गावाच्या खात्यात भरावी. सिनेटर, कंपनीचे संस्थापक आणि प्रवासवर्णनकार झालेल्या माजी विद्यार्थ्यांकडून देणगी मागण्याचा हक्क इतर विद्यापीठांप्रमाणे याही विद्यापीठाला राहील. प्रवेश गुणवत्तेवर मिळेल, शुल्क डॉलरमध्ये व आगाऊ घेतले जाईल, आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्याला त्यातील कवडीही परत मिळणार नाही. अर्जासोबत अर्जदाराची अलीकडची दोन छायाचित्रे जोडावीत. छायाचित्रात अर्जदार एकटाच असावा, कडेवर कोणाचे मूल आढळल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.